न पिकणारे टोमॅटो

त्याची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्याने माझ्या पाठीवरची सॅक मागून घट्ट धरली होती आणि तो मला फरफटत बाहेर ओढत होता.

झालं होतं असं. आमच्या प्रयोगशाळेतली थंड खोली ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर बंद पडली. कॉम्प्रेसर गेला. दुरुस्तीवाला दोन महिन्यांशिवाय हलायला तयार नव्हता, आणि माझ्या टोमॅटोंना दोन महिने थांबता येणार नव्हतं. शेवटी संस्थेने शहराच्या कडेला असलेल्या फळांच्या गोदामात एक खोली मिळवली. खोली नंबर चार. मी ती बघायला गेले, आणि घाईघाईत तीन नंबरचं दार उघडलं.

आत ढगात शिरल्यासारखं वाटलं. गार, ओलं, पांढरं धुकं, आणि त्यातून छतापर्यंत रचलेली हिरव्या केळ्यांची खोकी. कुठून तरी अगदी पुसट, गोडसर वास येत होता. मी दोन पावलं आत टाकली असतील-नसतील, तोच मागून हिसका बसला. मी बाहेर, दार धाडकन बंद, आणि समोर एक उंच माणूस. बाहेर अंगाची लाही होत होती आणि ह्याच्या अंगात लोकरीचा स्वेटर.

"दारावर काय लिहिलंय?" त्याने विचारलं.

दारावर वीतभर अक्षरांत लिहिलं होतं – गॅस चालू आहे, उघडू नये.

"मी चार नंबर शोधत होते," मी कसंबसं म्हटलं.

"तीनच्या पुढे चार येतो. शाळेत शिकवतात."

मला इतकं थेट कोणी बोललं नव्हतं. मी घाबरलेय हे त्याच्या लक्षात आलं बहुतेक, कारण पुढच्या क्षणी त्याने एक रिकामं खोकं उलटं करून मला बसायला दिलं, पाणी आणलं आणि आवाज खाली आणून सगळं समजावलं. बंद खोलीत हजारो केळी श्वास घेत असतात, हवेतला प्राणवायू कमी होतो, माणसाला कळायच्या आत भोवळ येते. मागच्या वर्षी एक हमाल असाच आत पडला होता. तेव्हापासून हा आधी ओढतो आणि मग विचारतो.

गोदामातले सगळे त्याला 'साडेसोळा' म्हणायचे. केळ्यांच्या खोल्या साडेसोळा अंशांवर ठेवायच्या असतात, आणि कोणी बटणाला हात लावला की हा गोदामाच्या दुसऱ्या टोकावरून ओरडायचा, "साडेसोळा." मालक त्याचे सख्खे काका. पण पुतण्या म्हणून त्याचे काही लाड नव्हते. उलट दोघांचं सतत कशावरून तरी वाजायचं.

माझे हिरवेगार टोमॅटो खोलीत लागले तेव्हा त्याने एक हातात घेऊन बघितला आणि कधी पिकतील, म्हणून विचारलं.

"कधीच नाही," मी म्हटलं.

तो हसला. त्याला वाटलं मी त्या शाळेच्या टोमण्याचा हिशेब चुकता करतेय. मग मी त्याला सांगितलं. केळं, टोमॅटो, सफरचंद, आंबा अशी फळं पूर्ण वाढली की स्वतःच एक वायू तयार करतात, इथिलीन. तोच वायू तो टाकीतून केळ्यांना देत होता. फळाच्या पेशींवर हा वायू ओळखणारे जणू कान असतात. त्यांना चाहूल लागली की आत एक मुख्य जनुक जागं होतं आणि ते बाकीच्या जनुकांना कामाला लावतं. कोणी पिठाची साखर करतं, कोणी पेशींच्या भिंती मऊ करतं, कोणी हिरवा रंग काढून लाल भरतं, कोणी वास तयार करतं. आणि वायू आणखी वायू बनवायला लावतो, म्हणून एकदा सुरू झालेलं पिकणं थांबत नाही. द्राक्षं, लिंबं, स्ट्रॉबेरी ह्या वायूच्या भरवशावर नसतात. ती वेलीवर, झाडावर असतानाच काय ते पिकतात.

"म्हणून द्राक्षं कितीही ठेवली तरी नुसती सुकतात," तो म्हणाला. "हे आम्हाला माहीत होतं. का, ते माहीत नव्हतं."

माझे टोमॅटो वायू तयारच करत नव्हते. बाहेरून दिला तरी त्यांना तो कळत नाही, ते बहिरे आहेत, त्यांचं 'कानाचं' जनुक बिघडलंय, हे मी तीन वर्षं खपून सिद्ध केलं होतं. प्रबंध लिहून तयार होता. चार आठवड्यांनी तोंडी परीक्षा, आणि त्याच कामाच्या जोरावर लांबच्या एका मोठ्या प्रयोगशाळेने मला जागा देऊ केली होती. शेवटची नोंद फक्त उरली होती. स्वच्छ हवेत तीन आठवडे ठेवूनही हे टोमॅटो हिरवेच राहतात, एवढी.

मी रोज अकराला जायचे. रंग मोजायचा, कडकपणा मोजायचा, वहीत लिहायचं. अर्ध्या तासाचं काम. दुसऱ्या दिवशी मला तासभर लागला, चौथ्या दिवशी दोन. साडेसोळा काही ना काही निमित्त काढून चार नंबरशी घोटाळायचा. माझं कडकपणा मोजायचं यंत्र त्याला फार विनोदी वाटायचं. आपल्याकडे बोटं आहेत, म्हणाला. मी म्हटलं, दाखवा. माझाच रुमाल त्याच्या डोळ्यांवर बांधला आणि एकेक केळं त्याच्या हातात दिलं. नुसत्या सालीच्या कडांवरून बोट फिरवून तो सांगत गेला – हे दुसऱ्या दिवसाचं, हे चौथ्या, हे उद्या पिवळं पडेल. सातपैकी सात बरोबर. मी चकित होऊन बघतच राहिले. डोळे बांधलेले, त्यामुळे मला हवं तेवढं बघता येत होतं…

"मोजून झालं का?" तो रुमालाखालूनच म्हणाला.

"काय?"

"जे काही चाललंय ते."

मी रुमाल ओढून घेतला आणि वहीत डोकं घातलं. त्या दिवशीचे दोन आकडे मी उलटसुलट लिहिले, नंतर ते खोडावे लागले.

घरी आत्याने विचारलंच. मला लहानपणापासून तिनेच वाढवलेलं. बाबा नुसतं पेपर वाचतात, घर ती वाचते. हल्ली टोमॅटो बघायला जाताना कानात डूल लागतात का, एवढंच तिने विचारलं. थंडी असते तिथे, असं काहीतरी मी बरळले. तिने बाबांकडे बघितलं. बाबांनी पान उलटलं.

आठव्या दिवशी सकाळी सातला फोन आला. त्याने कधीच फोन केला नव्हता.

"या," तो म्हणाला. "लगेच या."

मी चार नंबरचं दार उघडलं आणि उंबऱ्यातच थांबले. आदल्या दिवशी रविवार, मी आले नव्हते. शनिवारी हिरवे सोडलेले टोमॅटो… दाराजवळचे सरळ लाल होते. मधले केशरी. मागच्या रांगांना देठाकडून गुलाबी झाक आली होती. सगळीकडे पिकल्या टोमॅटोचा वास. जगातल्या कुठल्याही स्वयंपाकघरात कोणाला त्याचं काही वाटलं नसतं. मी मात्र भिंतीला धरून उभी राहिले. मेलेल्या माणसाने उठून पाणी मागावं तसं मला झालं होतं.

तो माझ्या बाजूला उभा होता आणि आज त्याच्या चेहऱ्यावर नेहमीचं हसू नव्हतं. त्याने सगळं एका दमात सांगून टाकलं. तीन नंबरच्या दाराचं रबर खालून फाटलं होतं. वायू झिरपत होता आणि बोळातून चारमध्ये येत होता. काकांना त्याने दोनदा सांगितलं होतं. ते म्हणाले, हंगाम संपू दे. पण मला सांगायला हवं होतं, ते त्याने सांगितलं नव्हतं. एवढ्याने काय होतंय, असं वाटलं होतं. काल लाली दिसली तेव्हा म्हाताऱ्या हमालाने सल्ला दिला होता, बाजारातून हिरवे टोमॅटो आणून बदलून टाक, बाईंना काय कळतंय.

"मग बदलले का नाहीत?" मी विचारलं.

"कळलं असतं तुम्हाला," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "आणि नसतं कळलं, तर जास्त वाईट झालं असतं."

पण माझं लक्षच नव्हतं. माझ्या डोक्यात एकच गोष्ट गरगरत होती. वायू आला आणि टोमॅटो पिकले. म्हणजे त्यांना वायू कळला. म्हणजे ते बहिरे नव्हते. म्हणजे तीन वर्षं…

हे शक्यच नाही, मी त्याला सांगितलं. प्रयोगशाळेत मी स्वतः त्यांना वायू दिलाय. शेजारच्या पेटीत त्याच टाकीवर साधे टोमॅटो ठेवले होते. साधे लाल झाले, माझे हिरवे राहिले. अजून काय पुरावा हवा?

त्याने एक लाल टोमॅटो उचलून हातात फिरवला. मग अगदी हळू, एखाद्याच्या घरात चपला न वाजवता शिरावं तसा म्हणाला, "पण साधे टोमॅटो… ते तर गॅस नसता तरी लाल झालेच असते ना?"

मी त्याच्याकडे बघत राहिले. तीन वर्षं. दोन परिषदा. किती तज्ज्ञांनी ते काम वाचलं होतं. कोणालाही, मला तर नाहीच, हा प्रश्न पडला नव्हता. साधे टोमॅटो आपला वायू आपणच बनवतात. टाकीतून काहीच आलं नसतं तरी ते पिकलेच असते. माझ्या टाकीत वायू होता, ह्याचा माझ्याकडे काडीचाही पुरावा नव्हता.

मी तशीच प्रयोगशाळेत गेले. टाकी अजून कोपऱ्यात होती. वायू ओळखणारी काचेची नळी लावून बघितली. रंग बदलला नाही. दुसरी लावली. तिसरी. टाकीवरची चिठ्ठी बरोबर होती, आत नुसती हवा भरलेली. तीन वर्षांत मी ती एकदाही तपासली नव्हती.

दुपारी परत गोदामात गेले. का गेले, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. त्याच उलट्या खोक्यावर बसून मी त्याला सगळं सांगितलं, आणि मग जे मनात आलं होतं तेही मोठ्याने बोलून टाकलं – हे कोणालाही कळणार नाही. टोमॅटो फेकून द्यायचे, टाकी परत पाठवायची, तीन आठवड्यांनी परीक्षा द्यायची.

तो मला काहीतरी सुनावेल, असं मला वाटलं होतं. खरं तर त्याने सुनवावं अशीच इच्छा होती.

"मी कोणाला सांगणार नाही," तो म्हणाला. "तुम्ही सांगाल ते करीन. आत्ता म्हणालात तर आत्ता खोकी उचलतो."

मी सुन्न झाले. हाच माणूस, ज्याने स्वतःची चूक सकाळी सातला फोन करून सांगितली, तो माझी चूक गिळायला तयार होता. माझ्यासाठी. त्याच्या तोंडाकडे बघवेना, आणि तिथून उठवेनाही. शेवटी मी म्हटलं, खोकी राहू देत. उद्या बाईंना घेऊन येते.

बाई म्हणजे आमच्या विभागप्रमुख. त्यांच्यासमोर आवाज चढवायची कोणाची टाप नव्हती, आणि त्यांचा आवाज चढला की झाडांची पानं गळतात असं आम्ही म्हणायचो. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, टेबलावर ठेवला. आता वीज पडणार म्हणून मी डोळे मिटून घेतले.

"टाकी मीही तपासली नाही," बाई म्हणाल्या. "त्या कामावर माझीही सही आहे." मग चष्मा लावून त्या म्हणाल्या की परीक्षा पुढे ढकलावी लागेल, ती बाहेरची जागा बहुधा जाईल, आणि प्रयोग पुन्हा करायचा. ह्या वेळी नीट. "आणि तो प्रश्न विचारणारा कोण आहे, त्याला मला भेटायचंय."

प्रयोग गोदामातच झाला. साडेसोळाने तीन नंबरचं रबर काकांना न विचारता स्वतः बदललं, दोन लहान हवाबंद पेट्या तयार केल्या, दर सहा तासांनी नोंदी ठेवल्या. एका पेटीत स्वच्छ हवा, एकीत वायू, आणि तोही तपासलेला. दोन्हीकडे माझेच टोमॅटो, वीस आणि वीस. बाराव्या दिवशी स्वच्छ हवेतले वीसच्या वीस हिरवे होते आणि वायूतले वीसच्या वीस लाल. बिघाड कानात नव्हताच. वायू बनवणाऱ्या जनुकात होता. ऐकायला ते कधीपासून तयार होते. त्यांना कोणी हाक मारली नव्हती इतकंच.

खरं काय झालं ते सगळं लिहून द्यायचं, असं बाईंनी बजावलं. त्यात फाटलेल्या रबराचाही उल्लेख आला असता. मी आधी त्याला विचारलं. लिहा, तो म्हणाला, खरं आहे ते. मी लिहिलं. संस्थेने त्या पत्राची एक प्रत गोदामाच्या मालकांना पाठवली.

चार दिवसांनी मी उरलेल्या पेट्या न्यायला गेले, तर तीन नंबरसमोर दुसराच माणूस उभा होता. साडेसोळा कुठे, म्हणून विचारलं तर म्हाताऱ्या हमालाने मान खाली घातली. पत्र आलं त्या दिवशी काका-पुतण्याचं कडाक्याचं भांडण झालं. काका म्हणाले, गळती नव्हती असं लिहून दे. त्याने दिलं नाही. तसाच निघून गेला.

माझ्या पत्रामुळे. मी तिथेच त्याला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. हमालाकडून घरचा पत्ता घेतला आणि निघाले. वाटेत मनात वाक्यं जुळवत होते, पण एकही धड जुळेना. माफी मागायची तर ती कोणत्या तोंडाने? आणि तो दार लावून घेईल, तर काय करायचं?

एका छापखान्याच्या वर, तिसऱ्या मजल्यावर त्यांचं घर होतं. मी बेल दाबली. दार उघडलं ते एका बुटक्या बाईंनी. त्यांच्या एका डोळ्यात भिंग बसवलेलं होतं, हातात चिमटा. मागे टेबलावर उघडी पडलेली पाच-सहा घड्याळं. त्याची आई घड्याळं दुरुस्त करते, हे त्याने मला कधी सांगितलं नव्हतं. त्या भिंगाच्या डोळ्याने त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तू टोमॅटोवाली का?"

मी मान डोलावली.

"मग इथे काय करतेस?" त्या खरोखरच गोंधळल्या होत्या. "तो तुमच्याकडे गेलाय. सकाळपासून तीन शर्ट बदलले. फोन इथेच विसरलाय, तोही चार्ज न करता."

मला काही कळेपर्यंत त्यांनी हाताला धरून मला आत बसवलंसुद्धा होतं. तेवढ्यात माझा फोन वाजला. आत्या. तिचा आवाज मी असा दबलेला कधी ऐकला नव्हता.

"अगं, कुठे आहेस तू? एक माणूस आलाय. तासभर बसलाय. कशाला आलात विचारलं तर नुसता घाम पुसतो. तुझ्या बाबांनी पेपर खाली ठेवलाय, विचार कर."

मी म्हटलं, त्याला फोन दे.

पलीकडे खुडबूड झाली. मग त्याचा श्वास ऐकू आला.

"कुठे आहात?" त्याने विचारलं.

"तुमच्या घरी."

त्याच्या आईने चिमटा खाली ठेवला.

"माझ्यामुळे तुमची नोकरी गेली," मी म्हटलं. "मी माफी मागायला आले होते."

"मी सोडली. तुमचा काय संबंध?" मग त्याने आवाज खाली आणला. "तुमचे बाबा समोर बसलेत. आत्याही. मी कशाला आलोय ते त्यांना सांगायचंय, पण आधी तुम्हाला सांगायला हवं… आणि तुम्ही तर तिथे."

"मग आत्ता सांगा."

"त्यांच्यासमोर?"

"माझ्यासमोरही तुमची आई आहे."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"आत्ता माझ्याकडे काम नाही, हे आधीच सांगतो," तो म्हणाला.

"माझी परीक्षा सहा महिन्यांनी पुढे गेली. ती जागाही गेली. हे मीही आधीच सांगते."

"बरं." त्याने मोठा श्वास घेतला, आणि पुढचं बोलताना आवाज जराही खाली आणला नाही. "मला तू आवडतेस. पहिल्या दिवशी ओढून बाहेर काढली तेव्हापासून. तुझ्या बाबांना मी तेच विचारायला आलोय. पण तुला चालणार असेल तरच विचारीन."

तू. तो मला तू म्हणाला होता. पलीकडे आत्याच्या हातून काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला. मी तोंड उघडलं आणि त्यातून शब्दच बाहेर येईना. डोळ्यांत पाणी, आणि ओठ कुठल्या कुठे हसतायत. मी नुसती मान हलवत होते. हो. हो. हो.

"ऐकतेयस ना?" तो विचारत होता. "अगं, काहीतरी बोल."

त्याच्या आईने डोळ्यातलं भिंग काढलं, माझ्या हातातून फोन घेतला आणि शांतपणे कानाला लावला.

"ती हो म्हणतेय," त्या म्हणाल्या. "मघापासून मान हलवतेय. तुला तिथून दिसत नाही, म्हणून सांगते."